कॉन्स्टन्स बेकर मोटली : वर्णद्वेषाला कोर्टात खेचणारी स्त्री

१९७५ सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एक दावा आला होता. डायन ब्लँक या महिला वकिलाने सुलिव्हन अँड क्रॉमवेल या अमेरिकेतील बड्या वकिली फर्मवर हा दावा लावला होता. केवळ स्त्री म्हणून नोकरीत डावलले जाते, अशी तिची तक्रार होती. सुनावणी चालू असताना फर्मच्या वतीने एक अर्ज आला. अर्जाचा मथितार्थ असा, की न्यायासनावर बसलेली व्यक्ती स्वतः स्त्री आहे, कृष्णवर्णीय आहे आणि न्यायाधीश होण्यापूर्वी तिने भेदभावाविरुद्ध खटले लढविले आहेत. तिच्याकडून आम्हाला निःपक्षपाती न्याय मिळणार नाही. सबब तिने हा खटला सोडावा.

त्या न्यायाधीशांनी अर्ज फेटाळून लावला. त्यांचे म्हणणे सरळ होते. न्यायासनावर बसणारा प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या वंशाचा असतो, स्त्री किंवा पुरुष असतो आणि वकिली करूनच तिथे आलेला असतो. तेवढ्या कारणाने खटला सोडायचा म्हटले, तर त्या कोर्टात खटला चालवायला एकही न्यायाधीश उरणार नाही!

वाचकहो, हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. त्या कोर्टात शंभर वर्षे आणि त्याहून अधिक काळ गोरे पुरुष न्यायदान करीत आले. गोरा माणूस आणि काळा माणूस यांच्यातला तंटा गोऱ्या न्यायाधीशाने ऐकला. मालक आणि बाई कामगार यांच्यातला तंटा पुरुष न्यायाधीशाने ऐकला. त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी कुणाला शंका आली नाही. शंका आली ती दबलेल्या समाजातली व्यक्ती त्या खुर्चीवर बसल्यावर! ज्याच्या हाती सत्ता असते त्याची जात आणि वंश कुणाला दिसत नाही; ज्याला नव्याने सत्ता मिळते त्याचा मात्र आधी रंगच दिसतो. हा खोटेपणा ज्यांनी एका निकालपत्रात उघडा पाडला, त्या न्यायाधीशांचे नाव कॉन्स्टन्स बेकर मोटली. अमेरिकेच्या फेडरल न्यायव्यवस्थेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. २८ सप्टेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव घराघरात माहीत आहे. पण किंग तुरुंगात गेल्यावर त्यांच्यासाठी कोर्टात उभी राहणारी ही बाई आपल्या वाचकांना फारशी परिचित नाही. म्हणून हा प्रपंच.

कॉन्स्टन्स यांचा जन्म १४ सप्टेंबर १९२१ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन या शहरात झाला. आईवडील वेस्ट इंडीजमधील नेव्हिस या लहानशा बेटावरून पोटासाठी आलेले. बारा भावंडांतली ही नववी. न्यू हेवन म्हणजे येल विद्यापीठाचे गाव. वडील त्याच विद्यापीठातील श्रीमंत विद्यार्थ्यांच्या मंडळांसाठी आचारी म्हणून राबत. पुढे ज्यांच्यातून देशाचे राज्यकर्ते आणि न्यायमूर्ती निघायचे, त्या पोरांना रांधून वाढायचे आणि त्यावर स्वतःचे घर चालवायचे, असा हा संसार. त्या मुलांच्या ताटात वाढणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या मुलीला कॉलेजात घालण्याइतका पैसा मात्र नव्हता. आई वस्तीच्या कामात पुढे असायची. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जी राष्ट्रीय संघटना, एन.ए.ए.सी.पी., तिची शाखा न्यू हेवनमध्ये उभी करण्यात या माऊलीचा मोठा वाटा होता.

उत्तरेकडच्या त्या राज्यात दक्षिणेसारखे वेगळ्या नळांचे आणि वेगळ्या दारांचे कायदे नव्हते. पण कायदा नसला म्हणून भेद नव्हता असे नाही. शाळकरी वयात कॉन्स्टन्सना समुद्रकिनाऱ्यावरून काळी म्हणून परत पाठविण्यात आले. पोहायला गेलेली पोर अपमान घेऊन घरी आली. त्याच वयात त्यांच्या हाती डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस आणि जेम्स वेल्डन जॉन्सन यांची पुस्तके पडली आणि आपल्या समाजाचा इतिहास त्यांना कळला. पंधराव्या वर्षी त्यांनी ठरविले, की आपण वकील व्हायचे. ऐकणाऱ्यांनी वेड्यात काढले. काळ्या बाईला वकीलपत्र कोण देणार? आईलासुद्धा वाटायचे, की पोरीने केशरचनेचे काम शिकावे, निदान चार पैसे तरी मिळतील. आईचेही चुकत नव्हते. गरिबाच्या घरात स्वप्नाआधी भाकरीचा हिशेब होतो.

शाळा संपली आणि पुढची वाट बंद झाली. काही काळ त्या सरकारी युवक योजनेत मिळेल ते काम करीत राहिल्या. युवकांच्या संघटनेतही त्या पुढे होत्या. न्यू हेवनमध्ये डिक्सवेल कम्युनिटी हाऊस नावाचे एक समाजकेंद्र होते. ते काळ्या वस्तीसाठी बांधलेले होते, पण कारभार गोऱ्यांच्या हाती होता. या केंद्राकडे काळे लोक फिरकत का नाहीत, यावर विचार करायला एक सभा भरली. त्या सभेत ही तरुण मुलगी उभी राहिली आणि दात्यांच्या तोंडावर म्हणाली, की ज्यांच्यासाठी हे केंद्र आहे त्यांना कारभारात स्थान नाही, म्हणून ते येत नाहीत. सभेत क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाचे एक गोरे उद्योगपती बसले होते. त्या केंद्राला मदत करणाऱ्यांपैकी ते एक होते. मुलीचे बोलणे त्यांना झोंबायला हवे होते. पण त्यांनी तिची चौकशी केली, शाळेतली हुशारी पाहिली आणि शिक्षणाचा सगळा खर्च उचलला. पुढे कायद्याची पदवी मिळेपर्यंत त्यांनी तो दिला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॉन्स्टन्सना मदत मिळाली ती हात पसरला म्हणून नाही, खरे बोलल्या म्हणून मिळाली. आणि एका माणसाने एका मुलीच्या फीचा भार उचलला, त्यातून पुढे हजारो मुलांसाठी शाळा-कॉलेजांचे दरवाजे उघडले गेले. शिष्यवृत्तीचे मोल पैशात मोजता येत नाही.

१९४१ साली त्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात शिकायला निघाल्या. दक्षिणेकडचा हा त्यांचा पहिला प्रवास. गाडी सिनसिनाटीला आली आणि त्यांना डब्यातून उतरविण्यात आले. पुढच्या प्रवासासाठी काळ्यांचा वेगळा, जुनाट डबा जोडला गेला. पुस्तकात वाचलेला वर्णभेद आता अंगावर आला. सुटीत घरी परतताना त्यांनी आईवडिलांसाठी तिथली एक पाटी आणली. फक्त काळ्यांसाठी, असे त्या पाटीवर लिहिलेले होते. इतर मुली गावाहून खाऊ आणतात. या मुलीने पुरावा आणला! वकील घडत होता तो असा.

फिस्क सोडून त्या न्यूयॉर्क विद्यापीठात आल्या, १९४३ साली अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि कोलंबिया विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात दाखल झाल्या. १९४६ साली त्या कायद्याच्या पदवीधर झाल्या. कोलंबिया म्हटले की आपल्या वाचकांचे मन भरून येते. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठात शिकायला गेले होते आणि १९५२ साली याच विद्यापीठाने त्यांना मानद पदवी देऊन गौरविले. योगायोग असा, की ज्या १९४६ साली कॉन्स्टन्स कोलंबियातून बाहेर पडल्या, त्याच वर्षी बाबासाहेबांनी द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत त्यांनी मागविली होती आणि द्यु बॉइस यांनी त्यांना उत्तरही दिले. दोन खंडांतल्या दोन चळवळी एकमेकींकडे डोळे लावून होत्या. ज्यांची पुस्तके वाचून न्यू हेवनची एक मुलगी जागी झाली, त्यांच्याशीच बाबासाहेब पत्रव्यवहार करीत होते.

पदवी मिळाली म्हणून काम मिळते असे नाही. एका वकिली फर्ममध्ये त्या मुलाखतीला गेल्या. दारात उभी असलेली मुलगी काळी आहे हे पाहताच मुलाखत तिथेच संपली. आत बसवलेसुद्धा नाही. पण १९४५ च्या ऑक्टोबर महिन्यात, शिकत असतानाच, त्यांना एन.ए.ए.सी.पी.च्या कायदेविषयक निधीच्या कार्यालयात थर्गुड मार्शल यांनी घेतले होते. पुढे हेच मार्शल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. महायुद्ध नुकतेच संपले होते. लष्करी न्यायालयांनी शिक्षा ठोठावलेल्या काळ्या सैनिकांची प्रकरणे ढिगाने येत होती. फॅसिझमविरुद्ध लढलेल्या माणसांना स्वतःच्या फौजेत न्याय नव्हता! त्या कागदपत्रांपासून कॉन्स्टन्स यांची वकिली सुरू झाली. १९४६ साली जोएल मोटली यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मिसेस मोटली झाल्या.

हा लढा काय होता, हे थोडे समजून घेऊ. १८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळे ठेवले तरी समान वागविता येते, असे तत्त्व मान्य केले होते. त्या एका निकालाच्या आडोशाने दक्षिणेत शाळा, रेल्वे, दवाखाने, बागा, पाणवठे सगळे वेगळे झाले. वेगळे केले ते अगदी काटेकोरपणे. समान मात्र काहीच केले नाही. मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भिंतीवर एकदम डोके आपटले नाही. आधी विधी महाविद्यालये आणि पदव्युत्तर शिक्षणाचे खटले लढविले, १९५० साली त्यात विजय मिळविला, मग शाळांकडे मोर्चा वळविला. ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या जगप्रसिद्ध खटल्याच्या मूळ दाव्याचा मसुदा १९५० साली मोटली यांनीच तयार केला. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की सार्वजनिक शाळांत वेगळेपणा हीच असमानता आहे.

निकाल लागला म्हणजे न्याय मिळाला, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचा इतिहास पाहावा. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ साली दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला, हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेतही तेच. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीचा दुसरा आदेश दिला, पण त्यात ठराविक मुदत घातली नाही. ती फट दक्षिणेतल्या राज्यांनी बरोबर हेरली. एकेका शाळेसाठी, एकेका विद्यापीठासाठी नवा दावा करावा लागला. हे चिवट काम मोटली यांच्या वाट्याला आले.

दक्षिणेतल्या कोर्टात काळी महिला वकील ही तेव्हा न पाहिलेली गोष्ट होती. १९४९ साली काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून त्या मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात गेल्या, तेव्हा काळी माणसे त्यांना नुसते बघायला कोर्टात गर्दी करीत. त्या न्यायदालनाच्या भिंतीवर एक भले मोठे चित्र होते. मळ्याचे गोरे मालक आणि राबणारे काळे मजूर! न्याय मागायला आलेल्या माणसाने आधी आपली जागा ओळखावी, अशीच ती व्यवस्था होती. राहायला हॉटेल मिळत नसे. काळ्या कार्यकर्त्यांच्या घरी मुक्काम करावा लागे. अलाबामात त्या आर्थर शोअर्स या वकिलांच्या घरी उतरत. बाहेर बंदुका घेऊन माणसे पहारा देत. त्याच घरावर १९६३ साली बॉम्ब टाकण्यात आले. दक्षिणेतल्या गोऱ्यांची रीत अशी, की काळ्या स्त्रीला मिसेस म्हणायचे नाही. कोर्टात समोरचे वकीलही ती रीत पाळीत. मोटली आवाज चढवीत नसत. चांगला पोशाख, ताठ मान, खालचा स्वर आणि हातात कागद. साक्षीदार विद्यापीठाचा कितीही मोठा अधिकारी असो, त्याच्याच दप्तरातले कागद काढून त्या त्याला उलटतपासणीत खिंडीत गाठीत.

जॉर्जिया विद्यापीठाचेच पाहा. शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स या दोन हुशार मुलांना प्रवेश नाकारला जात होता. रंगाचे नाव कुणी काढत नसे. जागा नाही, वसतिगृह भरले, मुलाखत समाधानकारक नाही, अशी कारणे. मोटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाचे दप्तर तपासले. गोऱ्या मुलांना लावलेला नियम आणि या दोघांना लावलेला नियम शेजारी शेजारी मांडला. जानेवारी १९६१ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की ही मुले गोरी असती तर त्यांना केव्हाच प्रवेश मिळाला असता. हंटर पुढे नामवंत पत्रकार झाल्या, होम्स डॉक्टर झाले. जागा नाही, या दोन शब्दांमागे काय दडलेले असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या निकालाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण सगळ्यात कठीण लढाई झाली ती जेम्स मेरेडिथ यांची. हवाई दलात नोकरी केलेल्या या तरुणाने मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मागितला. ३१ मे १९६१ रोजी मोटली यांनी दावा दाखल केला. विद्यापीठाची अट अशी, की अर्जासोबत माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रे हवीत. माजी विद्यार्थी सगळे गोरे. ते काळ्या मुलाला शिफारस कुठून देणार? आणि सरकारचे वकील कोर्टात सांगत होते, की या विद्यापीठात वर्णभेद मुळी नाहीच! खालच्या कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. जून १९६२ मध्ये अपील न्यायालयाने प्रवेशाचा आदेश दिला, तर त्याच न्यायालयातील एका न्यायाधीशाने पुन्हा पुन्हा स्थगिती दिली. शेवटी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती उठविली. तेव्हा राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट स्वतः आडवे आले. ३० सप्टेंबरच्या रात्री विद्यापीठात दंगल पेटली. दोन माणसे मेली, शेकडो जखमी झाली, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना सैन्य पाठवावे लागले. १ ऑक्टोबर १९६२ रोजी मेरेडिथ यांचे नाव नोंदले गेले. एका विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठी सैन्य! या एका प्रकरणासाठी मोटली यांनी मिसिसिपीच्या बावीस फेऱ्या केल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये मेरेडिथ पदवीधर झाले.

त्या विजयाला रक्ताचा डाग आहे. मिसिसिपीत मोटली यांच्या सोबत असायचे ते मेडगर एव्हर्स. हे एन.ए.ए.सी.पी.चे तिथले कार्यकर्ते. आपल्या गाडीतून ते त्यांना कोर्टात नेत. पोलिसांची गाडी पाठीमागे लागली की मागे वळून पाहू नका, असे बजावीत. १२ जून १९६३ रोजी एव्हर्स यांना त्यांच्याच घराच्या दारात गोळी घालून ठार मारण्यात आले. या आघाताने मोटली पार खचून गेल्या होत्या. कोर्टातला विजय वर्तमानपत्रात छापून येतो. त्यासाठी स्थानिक कार्यकर्त्याने काय मोजले, ते छापून येत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले, कुत्री सोडली, हे जगाने पाहिले. पण नंतर शाळा मंडळाने १,०८१ मुलांना शाळेतून काढले, ही गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. शाळा बुडाली असती तर पालकांनी चळवळीलाच दोष दिला असता आणि चळवळ तिथेच मोडली असती. खालच्या कोर्टाने दाद दिली नाही. मोटली त्याच दिवशी वरच्या न्यायालयाचे न्यायाधीश टटल यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्याच दिवशी मुलांना परत घेण्याचा आदेश मिळविला. रस्त्यावरचा लढा आणि कोर्टातला लढा यांत मोठे कोण, हा वाद आपल्याकडेही अधूनमधून होतो. बर्मिंगहॅमचे उत्तर असे, की रस्त्यावर मुले नसती तर कोर्टात प्रश्नच गेला नसता आणि कोर्टात मोटली नसत्या तर मुले रस्त्यावरच राहिली असती.

१९६१ साली त्या सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. हॅमिल्टन विरुद्ध अलाबामा हा तो खटला. फाशीची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात आरोप वाचून दाखविताना आरोपीला वकील दिला नव्हता. न्यायालयाने एकमताने शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी एकूण दहा खटले चालविले आणि नऊ जिंकले. हरलेला खटला होता १९६५ चा स्वेन विरुद्ध अलाबामा. ज्युरीतून काळ्या माणसांना ठरवून वगळले जाते, हा मुद्दा होता. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानेच बॅटसन खटल्यात तो निकाल बाजूला सारला. म्हणजे जो खटला त्या हरल्या, त्यातही शेवटी त्यांचेच म्हणणे खरे ठरले. एकवीस वर्षे उशिराने.

आता एक कडू गोष्ट. ती लपवून चरित्र सांगण्यात अर्थ नाही. १९६१ साली मार्शल न्यायाधीश झाले आणि त्या कायदेविषयक निधीचे प्रमुखपद रिकामे झाले. मोटली सोळा वर्षे तिथे राबत होत्या. पण ते पद जॅक ग्रीनबर्ग या गोऱ्या सहकाऱ्याला मिळाले. ग्रीनबर्ग निष्ठावान आणि कर्तबगार वकील होते, यात शंका नाही. तरीही प्रश्न उरतोच. मोटली यांना स्वतःला वाटत असे, की आपण स्त्री असणे आडवे आले. भेदभावाविरुद्ध लढणाऱ्या घरातही बाईला वरची खुर्ची देताना हात आखडला. आपल्या चळवळीतल्या पुरुषांनी, मी त्यात आलोच, हा प्रसंग दोनदा वाचावा. सभेत सतरंज्या टाकण्यापासून मोर्चात लाठ्या खाण्यापर्यंत आपल्या आयाबहिणी पुढे असतात. व्यासपीठावर किती असतात?

मोटली रुसून बसल्या नाहीत. आणखी तीन वर्षे खटले लढल्या. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून गेल्या. तिथल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सदस्य. १९६५ साली मॅनहॅटन विभागाच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर त्यांच्याआधी एकही स्त्री बसली नव्हती. जानेवारी १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयासाठी त्यांचे नाव सुचविले. न्यूयॉर्कमध्ये जेन बोलिन या कृष्णवर्णीय महिला १९३९ सालीच शहराच्या कोर्टात न्यायाधीश झाल्या होत्या. पण देशाच्या फेडरल न्यायासनावर तोवर एकही नव्हती. नेमणुका तपासणाऱ्या सिनेट समितीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलंड. मिसिसिपीचे! ज्या राज्याच्या विद्यापीठाचे दार मोटली यांनी उघडायला लावले, त्याच राज्याचा हा माणूस. त्याने कम्युनिस्ट असल्याचा आरोप लावून सात महिने नाव अडवून ठेवले. पण ३० ऑगस्ट १९६६ रोजी नेमणूक पक्की झाली.

न्यायाधीश म्हणून त्या कशा होत्या? १९७० साली मार्टिन सोस्त्रे या कैद्याचा खटला त्यांच्यापुढे आला. त्याला ३७२ दिवस एकांतकोठडीत ठेवले होते. कैदी झाला म्हणून माणूसपण संपत नाही, हे जाणून त्यांनी त्याला भरपाई दिली. अपिलात हा निकाल अंशतः बदलला गेला, पण कैद्यांच्या हक्कांची चर्चा त्याने पुढे नेली. १९७८ साली मेलिसा लुडके या क्रीडा पत्रकाराला बेसबॉल खेळाडूंच्या खोलीत जाऊन मुलाखती घ्यायला मनाई होती. पुरुष पत्रकारांना मात्र मुभा. स्टेडियम शहराच्या मालकीचे आहे, म्हणून तिथे समान संरक्षणाचे घटनात्मक तत्त्व लागू होते, असा निकाल मोटली यांनी दिला. आणि सुरुवातीला सांगितलेला डायन ब्लँक यांचा दावा १९७७ साली तडजोडीने मिटला. महिला वकिलांना घेताना भेद करणार नाही, असे त्या फर्मला मान्य करावे लागले.

यावरून त्या आपल्या लोकांच्या बाजूने निकाल देत होत्या, असे कुणी समजू नये. भेदभावाची तक्रार घेऊन आलेले कितीतरी दावेदार त्यांच्या कोर्टातून रिकाम्या हाती परत गेले. पुरावा नसला, कायदा साथ देत नसला, की त्या तसे स्पष्ट लिहीत. चळवळीतल्या काहींना याचे वाईट वाटे. वाटणे साहजिक आहे. आपला माणूस वर गेला की त्याने आपले काम करावे, असे आपल्यालाही वाटते. पण हे ओझे गोऱ्या न्यायाधीशावर कुणी टाकत नाही. एकीकडून वरचे लोक म्हणणार, की हिच्याकडून न्याय होणार नाही. दुसरीकडून आपले म्हणणार, की ही आपली राहिली नाही. या दोन्ही दगडांखाली हात असताना मोटली यांनी जवळजवळ चाळीस वर्षे न्यायदान केले. १९८२ ते १९८६ या काळात त्या त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. तो मानही मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला.

वारसा म्हणजे नुसते पुतळे आणि टपाल तिकिटे नव्हेत. तिकीटही निघाले, २०२४ साली. पण खरा वारसा दिसला तो २०२२ साली. केतांजी ब्राऊन जॅक्सन या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायमूर्ती झाल्या. नाव जाहीर झाले त्या दिवशी त्यांनी मोटली यांचे स्मरण केले. दोघींचा जन्मदिवसही एकच, १४ सप्टेंबर. जिल्हा न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचे हे अंतर कापायला छप्पन वर्षे लागली.

मित्रहो, या चरित्रातून काय घ्यायचे? भावनेने पेटलेली चळवळ कागदाने पुढे न्यावी लागते, हे पहिले. मोटली यांनी एकही खटला घोषणेवर जिंकला नाही. दप्तर तपासून, तारखा जुळवून, साक्षीदार तयार करून जिंकला. निकालानंतरच खरे काम सुरू होते, हे दुसरे. आणि तिसरे, एका हुशार मुलीची फी भरणारा माणूस समाजात असावा लागतो. न्यू हेवनमध्ये तो परका होता. आपल्या वस्तीत तो आपणच का असू नये? कायद्याच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन पुस्तकांच्या किमती पाहून घाबरलेली एखादी मुलगी आपल्या शेजारच्या गल्लीतच असेल. तिला वकील करायचे की नाही, हे आज आपल्या हातात आहे. उद्या ती न्यायासनावर बसली आणि कुणी तिच्या निःपक्षपातीपणाची शंका काढली, तर काय उत्तर द्यायचे ते कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी लिहून ठेवले आहे.

त्या थोर न्यायाधीशांना विनम्र अभिवादन!